वहिनी, मी पुण्याहून परत का आले

वहिनी, आपलं बोलणं अर्धंच राहिलं. तू मला प्रश्न विचारलास, तेवढ्यात डॉक्टर आत आले, मी स्टूल मागे सरकवून उभी राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तुला माझी ओळखच पटेना. परवा तुझा तेरावा झाला. काल दुपारच्या गाडीनं मी अमरावतीला परत आले आणि आज कॉलेजात दोन तास शिकवलेदेखील.

तुमच्या अकोल्याच्या महिला मंडळाला अंकात छापायला तुझ्यावर चार ओळी हव्या होत्या. आईनं ते काम माझ्यावर टाकलं. मी लिहिलं, सुगृहिणी, मनमिळाऊ, सर्वांना हवीहवीशी. लिहून झाल्यावर वाचलं तर ते कोणत्याही बाईच्या मागे लिहिता आलं असतं. तरी पाठवून दिलं. तुझ्याशी जे बोलायचं आहे ते छापायचं नाही, म्हणून ते इथे बोलते.

घरात चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे आणि दोघीच असलो की 'तू'. हे तूच ठरवलं होतंस. दोन वर्षांनी मोठी हाय मी, वीस नाही, असं म्हणाली होतीस. मी आजही 'तू'च म्हणणार आहे.

तू लग्न होऊन आमच्याकडे आलीस तेव्हा मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते. लग्नानंतरची तिसरी-चौथी पंगत असेल. आई तुला भात वाढायला वाकली आणि तू ताटावर हात आडवा धरून म्हणालीस, "मले नको." दादा हसला. अण्णा मिशीत हसले. मी तर ठसका लागेपर्यंत हसले. आई तेवढी हसली नाही. "आमच्याकडे 'मला' म्हणतात," एवढंच ती म्हणाली. अण्णा वकील, आजोबा मोठे याज्ञिक, त्यामुळे आपल्या घरची भाषा शुद्ध आहे असा आम्हा सगळ्यांचा पक्का समज होता. तू शेंदूरजनाघाटच्या शाळामास्तरांची मुलगी. तुझ्या बोलण्यात संत्र्याच्या बागांतल्या मजूर बायकांचं वऱ्हाडी होतं आणि सीमेपलीकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांची हिंदीही होती.

त्यानंतर आठ दिवस तू हो-नाहीपलीकडे काही बोलली नाहीस. नवव्या दिवशी बोलू लागलीस ती आमच्याहून शुद्ध. सून वळणावर आली म्हणून आईला बरं वाटलं. मला वाटलं होतं, तुझा अपमान झाला म्हणून तू गप्प होतीस. खरं म्हणजे ते आठ दिवस तू आमचं बोलणं ऐकत होतीस. गच्चीवर कुरड्या घालताना तू मला सांगितलंस, "तुमच्या घरात 'मले' नाही, पण 'करून राहिलो' हाय. ते तुमाले ऐकूच येत नाही." मी म्हणाले, आमच्याकडे कोणी असं बोलत नाही. संध्याकाळी अण्णा कोर्टातून आले आणि जोडे काढता काढता म्हणाले, अशिलं नुसती डोकं खाऊन राहिली आहेत. तू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. माझ्याकडे पाहिलंस आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेलीस. त्या दिवसापासून आपली मैत्री झाली.

हे वेड तुला लहानपणीच लागलं होतं. तुझी माय देवापुढे बसली की म्हणायची, देवा, तुला सगळं ठाऊक आहे. आणि तिथूनच मान वळवून तुझ्यावर ओरडायची, तुले किती वेळा सांगतलं. एकाच तोंडात दोन्ही, आणि चुकूनही कधी अदलाबदल नाही. कावून, असं का, तू वडिलांना विचारलंस. ते म्हणाले, एक शुद्ध आणि एक गावंढळ. तुझं समाधान झालं नाही. पुढे अमरावतीला इंटरच्या वर्गात असताना तू हाच प्रश्न संस्कृतच्या सरांना विचारलास. ते म्हणाले, याचं एक शास्त्र आहे, पुण्याच्या एका संस्थेत ते एम. ए.ला शिकवतात, आणि त्या शास्त्रात कोणतीच बोली गावंढळ नसते. त्यांनी तुला तिथलं माहितीपत्रक मागवून दिलं. इंटरचा निकाल लागला त्याच महिन्यात तुझं लग्न ठरलं. ते माहितीपत्रक पेटीत साड्यांच्या खाली घालून तू आमच्याकडे आलीस, आणि जूनमध्ये मी तू सोडलेल्या कॉलेजात गेले.

सुटीत मी घरी आले की तुझ्याजवळ कागद वाढलेले असत. अण्णांच्या निकाली निघालेल्या दाव्यांचे, एका बाजूनं कोरे असलेले कागद. भांडी घासायला येणाऱ्या गंगाबाई हिवरखेडच्या. त्या 'काहून' म्हणत आणि तू 'कावून'. पूर्णा नदीच्या अलीकडे कोण काय म्हणतं आणि पलीकडे कोण काय म्हणतं, ते तू उतरवून ठेवत होतीस. मग जात्यावरच्या ओव्या आल्या. तुझ्या माहेरी सीमेपलीकडच्या बायका हिंदीत म्हणत ती गाणी आणि गंगाबाईंच्या ओव्या तू शेजारी शेजारी लिहिल्या होत्यास. दोन्हींत बहीण भावाची वाट पाहते. पण गंगाबाईंचा भाऊ घोड्यावर बसून येतो आणि तिकडचा भाऊ पायी येतो. हे कोणी कोणाकडून घेतलं, आणि घेताना घोडा कुठे राहिला, असं तू मला विचारायचीस. मी विचारायचे, हे करून उपयोग काय? तू म्हणायचीस, "उपयोग नाही मालूम मले. ऐकू आलं की राहवत नाही."

आईच्या दृष्टीनं तू हिशेबाचे कागद जपून ठेवणारी सून होतीस. दादा तुला हसायचा, पण कोरे कागद तोच आणून द्यायचा.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोनेक वर्षं आधीचा तो उन्हाळा. मी बी. ए. झाले. पुढे काय, हा प्रश्न घरात होता. आईचं म्हणणं, लग्न. अण्णांचं म्हणणं, स्थळ मिळेपर्यंत अमरावतीलाच मराठी घेऊन एम. ए. करावं, ओळखीचं वसतिगृह आहे, बडनेऱ्याला गाडी बदलली की घर. तू एकटीच म्हणालीस, पुणं.

तो महिना मला आठवतो तसा दुसरा कोणताच आठवत नाही. आपण तीन ठिकाणी पत्रं टाकली. नागपूरहून उत्तर आलं, त्यात मराठीच्या एम. ए.ला भाषाशास्त्राची एकच प्रश्नपत्रिका होती. कलकत्त्याला तौलनिक साहित्याचा वेगळा विभाग नुकताच निघाला होता. ते पत्र तू तीनदा वाचलंस. तुझ्या ओव्यांतला भाऊ आणि त्याचा घोडा तिथेच सापडला असता. पण तिथे आधी बंगाली यायला हवं होतं, आणि कलकत्त्याचं नाव काढलं असतं तर आईनं त्याच आठवड्यात माझं लग्न लावून टाकलं असतं. पुण्याहून सगळ्यांत मोठं पाकीट आलं. मी वसतिगृहाचे नियम वाचू लागले. तू म्हणालीस, ते ठेव, आधी शिकवणारे कोण आहेत ते पाहू. वर्गात किती मुलं असतात, ग्रंथालय मुलींना केव्हापर्यंत उघडं असतं, मुलींना गावोगाव जाऊन बोली ऐकू देतात की नुसती पुस्तकं वाचायला लावतात, असे प्रश्न तू काढलेस आणि माझ्या अक्षरात परत पत्र गेलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. मुली गावोगाव जातात. तू ते पत्र छातीशी धरलं नाहीस, डोळ्यांत पाणीही आणलं नाहीस. नुसती पाटावर बसलीस आणि भाजी निवडू लागलीस. माठाची पानं टाकून देठ ठेवत होतीस. माझ्या लक्षात आलं.

अण्णांना तू त्यांच्या कचेरीत गाठलंस. त्या खोलीत घरातल्या बायका सहसा जात नसत. तू उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिलीस, मी तुझ्यामागे. अण्णांनी साक्षीदाराला विचारावं तसं एकेक विचारलं. राहणार कुठे, जेवणार कुठे, तिथे किती मुली, कोणत्या घरच्या. तुला सगळं पाठ होतं. शेवटी ते म्हणाले, "आणि हे शिकून सुमन काय होईल?"

तू म्हणालीस, "काय होईल ते मला सांगता येणार नाही, अण्णा. नाही शिकली तर काय होईल ते सांगता येईल."

"काय होईल?"

"माझ्यासारखी होईल."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि समोरचा कागद ओढून घेतला. आपण जावं की थांबावं ते आपल्याला कळेना. मग मान वर न करता ते म्हणाले, अर्ज भरून टाका. पुढचे दोन दिवस आई आणि तू स्वयंपाकघरात दार लोटून काही बोलत होतात. मी विचारलं तर तू म्हणालीस, लोणच्याचं ठरत आहे. मी विश्वास ठेवला. मला जायचं होतं, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

दादा मला पोचवायला आला. स्टेशनवर तू आली नव्हतीस, आईबरोबर घरी होतीस. ओसरीत उभी राहून तू मला शेवटचं सांगितलंस की पहिल्या पत्रात वसतिगृहाचं जेवण लिहू नको, वर्गात काय झालं ते लिही. मी ते पत्र लिहिलंच नाही. पाचव्या दिवशी मीच परत आले.

तेव्हा मी सगळ्यांना जे सांगितलं ते खोटं होतं. आता खरं सांगते, म्हणजे तुला दवाखान्यात सांगितलं तेच, जरा नीट. पहिल्याच दिवशी वसतिगृहातल्या एका मुलीनं विचारलं, तू मुंबईकडची का? मी म्हणाले, नाही, अकोल्याची, आता इथंच राहून राहिली आहे. मग तिनं शेजारच्या खोलीतल्या दोघींना बोलावलं आणि मला तेच परत म्हणायला लावलं. राहून राहिली. संध्याकाळपर्यंत ते माझं नाव झालं. न्हाणीघराशी रांगेत कोणीतरी म्हणे, जेवून राहिलीस का, झोपून राहिलीस का. त्या काही दुष्ट मुली नव्हत्या. तुझ्या ताटापाशी मी हसले होते तेव्हा मी तरी कुठे दुष्ट होते? पण ते मला तिथे सुचलं नाही. मला एवढंच कळलं की तोंड उघडलं की माझं घर बाहेर पडतं, आणि ज्या घराला मी शुद्ध समजत होते ते इथे कोणाला तरी हसायला उपयोगी पडतं आहे.

तिसऱ्या दिवशी प्रवेशाची भेट होती. टेबलामागे एक वयस्क प्राध्यापक. त्यांनी आधी संस्कृतचं विचारलं, ते मला आलं. मग सहज म्हणाले, उतरलात कुठे? आणि पाठ करून ठेवलेलं सगळं विसरून माझ्या तोंडून निघालं, वसतिगृहातच राहून राहिली आहे. त्यांनी पेन्सिल उचलली. "पुन्हा म्हणा बरं," ते म्हणाले. मी म्हणाले, राहते आहे. "तसं नको. आधी म्हणालात तसं म्हणा." मला वाटलं, इथेही तेच. मुलींनी यांना सांगितलं असेल असंसुद्धा वाटलं. मी उठले, नमस्कार केला आणि बाहेर आले. ते मागून काहीतरी म्हणाले ते मी ऐकलं नाही. दादा त्याच्या मित्राकडे उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला गाठलं आणि सांगितलं, मला घरी ने. तो एकदाच म्हणाला, वहिनीला काय सांगशील? मी रडू लागले तेव्हा त्यानं तिकिटं काढली.

तू ओसरीत आलीस. माझी ट्रंक पाहिलीस. "चहा ठेवते," म्हणालीस आणि आत गेलीस. चहा प्यायल्यावर तू विचारलंस आणि मी सांगितलं की आपल्याला वाटलं होतं तसं तिथे काहीच नाही. मी सांगितलं की नुसती जुनी पुस्तकं आणि इंग्रजी खुणा. आपल्या बोलीशी कोणाला काही घेणंदेणं नाही. गावोगाव जाणं वगैरे पत्रात लिहायच्या गोष्टी. मी बोलत गेले आणि तू ऐकत गेलीस. तुझे डोळे माझ्या तोंडावर होते. खोटं ओळखणारा कान तुझ्याइतका दुसऱ्या कोणाचा नव्हता, पण माझ्या बाबतीत तू तो वापरला नाहीस.

मी अमरावतीला मराठीच्या एम. ए.ला नाव घातलं. दिवाळीच्या सुटीत घरी आले. डाळीचा डबा काढायला फडताळाशी गेले, तर डब्याखाली तुझा कागद होता. तेलाचा गोल डाग पडला होता आणि त्याच्या बाजूला तुझ्या अक्षरात 'काहून, पूर्णेपलीकडे'. दुसऱ्या डब्याखालीही तसाच. सगळ्या फडताळाला तू ते कागद अंथरून टाकले होतेस. मी डाळ काढली आणि डबा होता तिथे ठेवला. तेव्हा बोलले असते तर काही वाचलं असतं. पण मी बोलले नाही, वहिनी. त्यानंतर तुझी मंगल झाली, मी इथे कॉलेजात शिकवायला लागले, स्थळं आली आणि गेली, आणि तू माझ्याशी शुद्ध बोलू लागलीस, दोघीच असतानासुद्धा. ते मला सगळ्यात जास्त लागायचं. मी गच्चीवर यायचे तशी तू म्हणायचीस, "बसा ना, सुमनताई." मी कधी चुकून विषय काढला तर तू म्हणायचीस, जाऊ द्या, तिथे काही नव्हतंच ना.

या पावसाळ्यात तुझे पाय सुजले. मग चेहरा सुजला. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली आहेत, अमरावतीला मोठ्या दवाखान्यात न्या. दादा सकाळी तुझ्यापाशी असायचा, दुपारी कॉलेज सुटलं की मी. सातव्या की आठव्या दिवशी तुला जरा बरं वाटत होतं. तू उशीला टेकून बसली होतीस. शेजारच्या खाटेवर तेल्हाऱ्याकडची एक म्हातारी होती आणि ती तिच्या लेकीला सांगत होती, मी इथं पडून राहिली अन् तू तिथं बसून राहिली. तू हसलीस. कितीतरी वर्षांनी तशी हसलीस. आणि मला राहवलं नाही. मी तुला सगळं सांगून टाकलं, मुलींचं, पेन्सिलीचं, पुन्हा म्हणा बरं, सगळं.

तू मला मध्ये एकदाच थांबवलंस. "काय म्हटलं होतं तू? जसंच्या तसं सांग."

"राहून राहिली आहे."

तू डोळे मिटलेस. मग हळूहळू म्हणालीस, "अवं, तो तुले हसून नव्हता राहिला. तो लिहून घेऊन राहिला होता. एकच शब्द दोनदा आला अन् दोन्हीचा अर्थ वेगळा. त्याले असं माणूस समोर बसलेलं कधी भेटलं असन? खूश झाला असन तो." आणि तुला हसू आलं, आणि हसता हसता श्वास पुरेना. मी पाठीवर हात फिरवला. श्वास जागेवर आला तेव्हा तू हसत नव्हतीस. माझा हात बाजूला केलास.

"मले कावून नाही सांगितलं?"

मी म्हणाले, लाज वाटली.

"तुले लाज वाटली अन् मी ते सारं डब्याखाली घातलं. सात वर्सं मी समजून राहिली की तिथं काही नाही. काही नाही म्हणून बरं वाटे मले. म्हटलं, मी गेली नाही तेच बरं झालं."

मला तेव्हा कळलं की मी काय केलं होतं. मी परत आले यात तुझं काही गेलं नव्हतं. तू मला पाठवलं होतंस, मी घाबरले, एवढंच झालं असतं. पण मी ती जागाच पुसून टाकली. या घरात तुझ्याजवळ एकच खिडकी होती, पुण्यात असं एक ठिकाण आहे ही, आणि ती मी बाहेरून विटा लावून बंद केली. मी क्षमा मागितली. तू तोंड वळवलंस. भिंतीकडे पाहत राहिलीस आणि मग तो प्रश्न विचारलास. "एक सांग. तुले तिथं राहावंसं वाटलं होतं का? का माझ्यासाठीच गेलती तू?" आणि डॉक्टर आत आले.

दुसऱ्या दिवशी तू मला तुझी माय समजत होतीस. चौथ्या दिवशी गेलीस.

तेराव्यानंतर पाहुणे गेले तेव्हा दादानं मला मागच्या अंगणात बोलावलं. "सुमन, तुला सांगायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं, आता सांगतो," म्हणाला. त्या उन्हाळ्यात तुला घरूनच बी. ए.ला बसायची परवानगी अण्णांनी दिली होती. फॉर्म आला होता. आईनं अट घातली की घरातल्या दोन्ही बायका पुस्तकं घेऊन बसणार असतील तर चूल कोण पाहील, एकीनंच शिकायचं, कोण ते ठरवा. लोणच्याचं ठरत होतं ते हे. तू तुझा फॉर्म दादाजवळ परत दिलास. आणि मी पाच दिवसांत परत आले, तरी तू तो फॉर्म पुन्हा मागितला नाहीस. दादा म्हणाला, मी एकदा विचारलं होतं, ती म्हणाली, आता नको, तिथे काही नाही म्हणते सुमन.

मला तुझा राग आला, वहिनी. खरं सांगते, तेराव्याच्या दिवशी तुझा राग आला. तू मला विचारलंस, कावून नाही सांगितलं. मग तू कावून नाही सांगितलं? मला माहीत असतं तर मी त्या टेबलापासून उठले असते का? कदाचित तरीही उठले असते. कदाचित तू सांगितलं नाहीस ते म्हणूनच, माझ्या डोक्यावर ओझं देऊन मला पाठवायचं नव्हतं म्हणून. मी हे भांडण कितीही लांबवलं तरी तुझी बाजू मलाच मांडावी लागते आणि ती मला तुझ्यासारखी मांडता येत नाही.

घर आहे तसंच आहे. निघताना आई मला म्हणाली, नोकरी सोड आणि ये. मंगल सहा वर्षांची, दादाला पुन्हा लग्नाला उभं करायला वर्ष लागेल, मला आता होत नाही, आणि तुला तरी तिथे कोण आहे? तिचं सगळं खरं आहे. तिनं ते रागानंही म्हटलं नाही, माझी उशी झटकता झटकता म्हटलं. मला तुझी रिकामी जागा दिसली, चुलीपासून फडताळापर्यंतची, आणि ती माझ्या मापाची आहे असंही दिसलं. मी म्हणाले, कळवते. गाडीत बडनेऱ्यापर्यंत मी स्वतःला समजावत होते की एखादं वर्षच तर आहे.

आज वर्ग संपल्यावर मी आईला पत्र लिहिलं. मी येत नाही, मंगलला माझ्याकडे पाठवा, इथे शाळेत घालते, दर सुटीत घेऊन येईन. अण्णांना वेगळी चिठ्ठी लिहिली की तुम्ही आईला समजावा. ते समजावतील की नाही ते मला ठाऊक नाही. ते आता कचेरीत फारसे बसत नाहीत आणि आईच्या शब्दाबाहेरही जात नाहीत. पत्र पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात हात घालून ते परत काढता येईल का ते पाहिलं. काढता येत नव्हतं. पुण्याचं म्हणशील तर मी काही ठरवलेलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला ते घेतील का, घेतलं तर कॉलेज दोन वर्षं रजा देईल का, मंगलचं काय. यातलं एकही उत्तर माझ्याजवळ नाही.

तुझ्या प्रश्नाचं मात्र आहे. ते मी दादाला सांगितलेलं नाही, तुलाही तेव्हा सांगायचं राहिलं.

पुण्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी अर्जाची फी भरायची खिडकी शोधत होते आणि चुकून मागच्या बाजूला गेले. एका खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर आवाज धरून ठेवणारं यंत्र होतं, फिरती चाकं असलेलं, आणि त्यातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता. कुठल्याशा डोंगरातली असावी, कोंबड्यांबद्दल काही सांगत होती. दोन विद्यार्थी आणि एक बाई तोच तुकडा परत परत लावून ऐकत होते. एका शब्दाच्या शेवटी आवाज नाकातून येतो की नाही, यावर त्यांचा वाद चालला होता. मी दारात थांबलेली त्या बाईंना दिसले. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाल्या, तुमचा कान ताजा आहे, तुम्ही सांगा. त्यांनी तुकडा पुन्हा लावला. मी म्हणाले, येतो, अगदी थोडा. बाई त्या दोघांकडे पाहून म्हणाल्या, बघा. मग त्यांनी पुढचा तुकडा लावला आणि मला बसायला खुर्ची ओढून दिली.

मी तिथे तासभर होते, वहिनी. फीची खिडकी बंद झाली. त्या तासात मला वसतिगृहातल्या मुली आठवल्या नाहीत, आई आठवली नाही, आणि तूसुद्धा आठवली नाहीस. मला तिथे राहायचं होतं.